जीडीपी पडला, सेन्सेक्स चढला: हे दोन आकडे एकत्र कसे वाचावेत

31 ऑगस्ट 2020. एप्रिल ते जून तिमाहीत जीडीपी आदल्या वर्षीच्या तुलनेत 23.9 टक्क्यांनी घटल्याचा पहिला अंदाज आला. त्याच दिवशी सेन्सेक्स 38,600 च्या वर बंद झाला होता. 23 मार्चला तो 26,000 च्या खाली होता. अशा दोन बातम्या शेजारी दिसल्या की मी माझ्या अशिलांना आधी तारखा तपासायला लावते. जीडीपीचा तो आकडा जूनपर्यंतचा, म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टीचा. शेअरचा भाव मात्र पुढच्या कित्येक वर्षांच्या नफ्याचा अंदाज बांधून ठरतो. त्यात एक वाईट तिमाही फार मोठी नसते.

मग निर्देशांकात, म्हणजे ज्या ठरावीक कंपन्यांच्या भावांवरून सेन्सेक्स किंवा निफ्टी काढतात त्यांत, कोण आहे ते बघा. एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) संकेतस्थळावर निफ्टीच्या 50 कंपन्या आणि त्यांचं वजन दर महिन्याला मिळतं. यादी एकदा तरी सावकाश वाचा. मी इचलकरंजीत यंत्रमागवाल्यांची जीएसटीची कामं करते. त्या जूनपासून शून्य उलाढालीचा 3-बी (जीएसटीचं विवरणपत्र) नुसत्या एसएमएसवर भरता येऊ लागला होता आणि माझ्याकडच्या कितीतरी कारखानदारांना तेवढाच मेसेज पुरला. माग बंद, कामगार गावी, सुताच्या व्यापाऱ्याची उधारी डोक्यावर. यातलं काहीच सेन्सेक्समध्ये मोजलं जात नाही, कारण सेन्सेक्सच्या 30 कंपन्यांत यांच्यातलं कुणीच नाही. जीडीपीत मात्र ते येतं. त्या तिमाहीत बांधकाम तर जवळपास निम्म्यावर आलं होतं. मला सगळ्यात टोचतं ते पुढचं: छोटा धंदा बसला की त्याचं गिऱ्हाईक बऱ्याचदा मोठ्या कंपनीकडे जातं. म्हणजे इथलं नुकसान तिथल्या भावात वाढ म्हणून दिसू शकतं. जुलै-सप्टेंबर 2020 मध्ये अनेक बड्या कंपन्यांनी विक्री घटूनही खर्च छाटून नफा वाढवला.

कमाई कुठून येते हेही पाहा. निर्देशांकातल्या टीसीएस, इन्फोसिस या सॉफ्टवेअर कंपन्यांची बहुतेक कमाई परदेशातली. आपल्याकडे मागणी आटली तरी त्यांचं तितकं अडत नाही.

आता पैशाचा भाव, म्हणजे व्याजदर. रिझर्व्ह बँकेनं 27 मार्च 2020 ला रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजानं कर्ज देते तो) 5.15 वरून 4.40 टक्के केला, 22 मेला 4 टक्के. एफडीचं व्याज उतरलं की पैसा दुसरी वाट शोधतो. तिकडे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं, फेडरल रिझर्व्हनं, व्याजदर शून्याजवळ नेले होते, त्यामुळे परदेशी पैसाही आला. 21 जानेवारी 2021 ला सेन्सेक्सनं 50,000 ला पहिल्यांदा हात लावला, तेव्हा हे दर तसेच होते. त्यामुळे बाजार वाढण्याचं कारण शोधताना जीडीपीच्या आधी रेपोची तारीख काढा.

शेवटी पीई पाहा, म्हणजे शेअरचा भाव त्यामागच्या वर्षाच्या नफ्याच्या किती पट आहे ते. भाव वाढला पण नफा वाढला नाही, तर पीई चढतो; म्हणजे तुम्ही त्याच नफ्यासाठी जास्त पैसे मोजताय. निफ्टीचा जुना आलेख काढाल तर एक काळजी घ्या: 31 मार्च 2021 पासून एनएसई हा आकडा उपकंपन्यांसह एकत्रित नफ्यावर काढते, आधी फक्त मूळ कंपनीच्या नफ्यावर काढायची. त्या दिवशी आलेखात एकदम घसरण दिसते, ती मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे. तिच्यावरून बाजार स्वस्त झाला असं समजून पैसे लावू नका.