छत्तीस गुण जुळले, पण गुणसूत्रांचं काय?

मुलगा उडतो, बिल्डिंग उचलतो, निर्व्यसनी आहे. दादरला स्वतःची जागा नाही, पण लोकलच्या पासाचा खर्चही नाही. असं स्थळ सांगून आलं, किंवा तुम्हीच शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जमवलंत, तर होकाराआधी एवढं उरकून घ्या.

आधी मूळ गाव विचारा. 1938 साली कॉमिक्समध्ये अवतरलेल्या सुपरमॅनसारखा तो परग्रहावरचा निघाला तर पत्रिका बाजूला ठेवा. माणसाची गुणसूत्रं 46. घोड्याची 64, गाढवाची 62. दोघंही पृथ्वीवरचेच, जवळचे भाऊबंद, तरी त्यांचं खेचर 63 गुणसूत्रं घेऊन जन्मतं आणि बहुधा वांझच राहतं. नातवंडांसाठी स्वेटर विणायला घेतलेल्या आईला हे आजच, चहाबरोबर सांगून टाका.

मग शिंक तपासा. मिठी मारताना तो जपेल, हात त्याच्या ताब्यात आहेत. शिंक कोणाच्याच बापाचं ऐकत नाही; ती प्रतिक्षिप्त क्रिया, विचारून येत नाही. म्हणून पहिल्यांदा घरी बोलवाल तेव्हा लाल मिरचीची सणसणीत फोडणी द्या, खिडक्या उघड्या ठेवा आणि घरच्यांना घेऊन चाळीच्या गॅलरीत, दारापासून लांब उभ्या राहा. छपराचे पत्रे जागेवर राहिले तर पुढची बोलणी.

अदृश्य होणारा असेल तर रस्ता तुम्हीच ओलांडून द्या. प्रकाश डोळ्यांतूनही आरपार गेला की त्याला काही दिसणार नाही.

राहता राहिला झेल, आणि इथेच बहुतेक जोड्या फसतात. पंधराव्या मजल्यावरून पडणारी नायिका तो खाली अलगद झेलतो आणि ती लाजते, असं आपण बघत आलो. खरं तर लाजायला ती शिल्लक राहणार नाही. 45 मीटर पडेपर्यंत वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर जातो. झेलताना हात अर्धा मीटर खाली गेले असं धरलं, तरी शरीरावर वजनाच्या साधारण 90 पट भार येतो. खाली फुटपाथ होता की प्रियकर, बरगड्यांना काय फरक पडतो?

त्याच्याकडून हे घोटून घ्या: तुमच्या शेजारून तुमच्याच वेगाने खाली यायचं, दहा मजले गेले की कवेत घ्यायचं आणि उरलेल्या पाच मजल्यांत हळूहळू थांबायचं. भार तिपटीवर येतो, तेवढा माणूस सोसतो.

सरावाला मात्र स्वतः उडी मारू नका. अंड्यांचा ट्रे वापरा, तीसवाला. सुरुवातीला भुर्जीच होईल, तेव्हा पाव आणून ठेवा.