गावातल्या मुलींना विज्ञान-अभियांत्रिकीची वाट दाखवताना

दहावीचा निकाल लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा मुलगी आठवी-नववीत असतानाच कामाला लागावे. सांगली जिल्ह्यात ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. त्या काळात घरात कोणाला उसंत नसते, म्हणून पहिली भेट पावसाळ्यात ठेवावी.

सभेत भाषण ठेवण्याऐवजी जळालेली पाच एचपीची मोटार मिळवावी. मोटार रिवायंडिंग करणारे कारागीर अशी मोटार आनंदाने देतात, आणि त्यांनाच उघडून दाखवायला बोलावणे उत्तम. वीजजोडणी असलेल्या यंत्राला मात्र मुलींना हात लावू देऊ नये. पाना मुलींच्याच हाती द्यावा. रोटर म्हणजे फिरणारा भाग बाहेर काढल्यावर स्टेटरच्या, म्हणजे स्थिर भागाच्या, खाचांमध्ये बसवलेली तांब्याची वेटोळी दिसतात, त्यांतली काही काळी पडलेली असतात. मग विचारावे की, वीज आणणाऱ्या तीन फेजपैकी एक फेज गेला की मोटार का जळते? शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीने हे वाक्य वडिलांच्या तोंडून अनेकदा ऐकलेले असते. चालू मोटारीचा एक फेज गेला तरी भार तोच राहतो, त्यामुळे उरलेल्या फेजमधून जास्त प्रवाह वाहतो, वेटोळी तापतात आणि तारेवरचे इन्सुलेशन जळते. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले त्याआधी पुरवठा तोडण्यासाठीच असतो. हे कारण मुलीला स्वतः सांगता आले आणि तिने ते घरी जाऊन वडिलांना समजावले, की घरात तिच्याकडे पाहण्याची नजर बदलते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

पालकांची भेट बचत गटाच्या बैठकीतच घ्यावी, कारण तिथे आई मोकळेपणाने बोलते. तिचे प्रश्न बहुधा खर्चाचे, एसटीचे आणि वसतिगृहाचे असतात, म्हणून उत्तरेही तितकीच नेमकी हवीत. दहावीनंतर 3 वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. सांगलीचे वालचंद महाविद्यालय 1947 पासून आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 पासून अभियंते घडवत आहे. एखाद्या महाविद्यालयाची कार्यशाळा आईलाही सोबत नेऊन दाखवावी. कौटुंबिक वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी 2024-25 पासून राज्य शासन शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देते, तर प्रगती शिष्यवृत्तीतून निवड झालेल्या मुलींना वर्षाला 50 हजार रुपये मिळतात. मात्र अटी दरवर्षी तपासूनच सांगाव्यात, कारण एक चुकीचा आकडा पूर्ण गावाचा विश्वास घालवतो.

उत्पन्नाचा, जातीचा व अधिवासाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवायला लावावा. प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रावर गर्दी उसळते, आणि एका दाखल्यासाठी मुलीची जागा हातची जाते.