सिव्हिलला इंजिनिअरिंग जिऑलॉजी आहे? मग अभ्यास असा करा

सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं जिऑलॉजी पाठ करतात. खनिजांची नावं, खडकांचे प्रकार, व्याख्या. ओरल झाली की सगळं विसरायला मोकळी. मी बोगद्यांच्या आणि धरणांच्या साइटवर बोअरहोलचे कोअर, म्हणजे ड्रिलने जमिनीतून काढलेले खडकाचे दंडगोल, तपासते. महाराष्ट्रात काम करणाऱ्या इंजिनिअरला हा विषय पदोपदी लागतो, म्हणून तो मन लावून शिका असं मी कळकळीने सांगते.

सुरुवात बेसॉल्टपासून करा. पुस्तकात ग्रॅनाइट आधी आला तरी. दक्षिण कोकण आणि पूर्व विदर्भ सोडला, तर आपल्या राज्याचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या, थरांवर उभा आहे.

लॅबमध्ये दोन नमुने शेजारी ठेवा. एक गच्च, काळा: कॉम्पॅक्ट बेसॉल्ट. दुसरा तांबूस किंवा हिरवट करडा, अंगावर पांढरे ठिपके: अमिग्डलॉइडल बेसॉल्ट. लाव्हातल्या वायूने ठेवलेल्या पोकळ्या नंतर खनिजांनी भरल्या, ते हे ठिपके. ठिपक्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसलं तर कॅल्साइट. फसफसलं नाही पण काचेवर सहज ओरखडा उठला तर क्वार्ट्झ. दोन्ही नाही, तर बहुधा झिओलाइट.

आता स्वतःला विचारा, बोगदा कुठल्या खडकात काढाल? जवळजवळ सगळे काळ्याकडे बोट दाखवतात. हातातल्या तुकड्याची ताकद त्याचीच जास्त, यात वाद नाही. पण लाव्हा थंड होताना आकसतो आणि कॉम्पॅक्ट बेसॉल्टला सांधे, म्हणजे भेगा, पडतात. त्या सांध्यांतून पाणी झिरपतं, छतातले ठोकळे सुटतात. अमिग्डलॉइडल बेसॉल्टला सांधे सहसा फार कमी, त्यामुळे ताकदीत उणा असूनही तो पाणी अडवतो आणि बोगद्यात नीट उभा राहतो. हातातला दगड आणि डोंगरातला खडक यांत हा फरक आहे. तो पहिल्या महिन्यात पक्का झाला, की पुढचा निम्मा अभ्यासक्रम आपोआप उलगडतो.

यानंतर आरक्यूडी (रॉक क्वालिटी डेझिग्नेशन), म्हणजे कोअरवरून खडक किती अखंड आहे ते सांगणारा आकडा. सूत्र एका ओळीचं आहे: एका रनमधल्या (एका खेपेत ड्रिल केलेल्या लांबीतल्या) १० सेंमी किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज, भागिले रनची लांबी. समजा रन १५० सेंमीचा आहे आणि पेटीत ३४, २७, १९, १४, ११, ९ आणि ६ सेंमीचे तुकडे आहेत, बाकी चुरा. पहिल्या पाचांची बेरीज १०५, म्हणजे ७० टक्के, खडक ‘फेअर’. इथे थांबू नका. ९ आणि ६ चे तुकडे उचला आणि टोकाला टोक लावून बघा. तोंडं ताजी, खरखरीत असतील आणि एकमेकांत चपखल बसत असतील, तर तो ड्रिलिंगमध्ये मोडलेला एकच १५ सेंमीचा तुकडा आहे. तो धरला की बेरीज १२०, आरक्यूडी ८० टक्के, आणि खडक ‘गुड’. उलट तोंडावर तांबूस डाग किंवा मातीचा लेप दिसला, तर तो डोंगरातला खरा सांधा, मग ७०च. बोगद्याला आधार किती द्यायचा हे अशा आकड्यांवर ठरतं, म्हणून तुकडे हातात घेतल्याशिवाय गणित करू नका.

नकाशावरून सेक्शन, म्हणजे जमिनीचा उभा छेद, काढायला रोज थोडा वेळ द्या. उभी आणि आडवी स्केल सारखीच ठेवा, नाहीतर डिप, म्हणजे थरांचा कल, खोटा दिसतो. पुस्तकातले बहुतेक प्रश्न तिरप्या थरांचे असतात, ते सोडवाच. पण आपले लाव्हाचे थर जवळजवळ आडवे. त्यांच्या सीमा नकाशावर काँटूरला समांतर धावतात, आणि उभा डाइक (थरांना छेदून घुसलेली खडकाची भिंत) काँटूर कापत सरळ जातो. हे एकदा स्वतः रंगवून बघा.

मग बाहेर पडा. पुण्यात असाल तर सिंहगड, कात्रज, कुठलाही जुना घाट चालेल. सोबत भिंग, कल मोजायचा क्लायनोमीटर आणि टोपोशीट (काँटूरचा नकाशा) घ्या. कड्यात दोन थरांमध्ये विटकरी पट्टा दिसला तर तो रेड बोल. त्याचा वाळलेला खडा घरी आणून पाण्यात टाका. अनेकदा बघता बघता फुटून गाळ होतो. पायाखाली किंवा बोगद्याच्या छतात असा पट्टा आला तर काय होईल, ते वेगळं सांगावं लागत नाही. रहदारीचं भान ठेवा, सुटलेल्या दगडांखाली थांबू नका, पावसाळ्यात कड्यापासून लांब राहा.

भूकंपाचं प्रकरण कोयनेपासून वाचा. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाच्या काही मोनोलिथना (भिंतीच्या काँक्रीटच्या उभ्या भागांना) तडे गेले, तेही मागच्या बाजूचा उतार जिथे बदलतो त्या उंचीच्या आसपास. धरणाचा छेद काढून ती जागा खुणेने दाखवा. तसं केलं की भूशास्त्र आणि स्ट्रक्चर एकाच कागदावर येतात.

याच वाटेने पुढे जायचं असेल, तर बीएस्सी-एमएस्सी जिऑलॉजी करता येतं, किंवा जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून रुरकी, खरगपूर, धनबादच्या आयआयटीकडे वळता येतं. सिव्हिलच करणार असाल, तर सुट्टीत एखाद्या साइटवर कोअर शेडमध्ये बसू द्या म्हणून विचारा. पाण्याची फवारणीची बाटली न्या. ओल्या कोअरवर रंग, ठिपके आणि बारीक सांधे लगेच उठून दिसतात. कोरड्यावर नुसती धूळ असते.