मुक्तिकाळाच्या आठवणी टिपताय? या चुका टाळा

१९ डिसेंबर जवळ आला की गोव्यातल्या शाळा-कॉलेजांतून प्रकल्प सुटतात: घरातल्या किंवा गावातल्या वडीलधाऱ्यांना भेटा आणि पोर्तुगीज राजवटीतून गोवा मुक्त झाला त्या दिवसांच्या आठवणी लिहून आणा. कल्पना उत्तम आहे. हाती येणारं लिखाण मात्र बहुतेक वेळा असं असतं की ते कोणत्या आजोबांनी सांगितलं हे नाव वाचल्याशिवाय कळत नाही. सगळ्यांनी विमानं पाहिलेली असतात, सगळे आनंदाने नाचलेले असतात. वर्षानुवर्षं ही वह्या-फायलींची थप्पी वाचतो आहे. चुका त्याच त्याच आहेत आणि त्या सांगणाऱ्याच्या नाहीत, विचारणाऱ्याच्या आहेत.

पाहिलेलं, ऐकलेलं आणि वाचलेलं एकाच ओळीत लिहिणं

ही सगळ्यात मोठी चूक. माणसाच्या आठवणीत साठ वर्षांत बरंच काही येऊन मिसळतं. स्वतः पाहिलेलं, शेजाऱ्याने त्याच संध्याकाळी सांगितलेलं, पुढे वर्तमानपत्रात वाचलेलं, दरवर्षीच्या भाषणात ऐकलेलं. सांगणारा हे सगळं एका दमात सांगतो, त्यात खोटेपणा नसतो. वेगळं करायचं काम आपलं असतं.

बार्देशातल्या एका आजींचं उदाहरण देतो. त्यांचं गाव कोलवाळच्या पुलापासून फार लांब नाही. एका विद्यार्थ्याने त्यांची मुलाखत घेऊन लिहिलं होतं, ‘भारतीय विमानांनी बॉम्ब टाकून पूल उडवला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.’ हे चूक आहे. १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे माघार घेणाऱ्या पोर्तुगीज सैनिकांनीच कोलवाळ, अस्नोडा, डिचोली इथले पूल उडवून दिले. भारतीय हवाई दलाचे हल्ले झाले ते दाबोळीच्या धावपट्टीवर आणि बांबोळीच्या रेडिओ केंद्रावर. विद्यार्थ्याने वाक्य जसंच्या तसं छापायला दिलं. ते तपासणाऱ्या जाणत्या माणसाने त्याहून वाईट केलं. ‘म्हातारीला काही आठवत नाही’ असं म्हणून पूर्ण मुलाखतच बाजूला काढली.

मी आजींकडे गेलो आणि पुलाचं नावही काढलं नाही. आवाज झाला तेव्हा तुम्ही कुठे होता, एवढंच विचारलं.

‘न्हाणीत. भाणाखाली आग घालत होते.’

‘उजाडलं होतं?’

‘कसलं उजाडतंय! चिमणी हातात होती. ती विझली. वरचे नळे घसरले, डोक्यात माती पडली.’

‘आणि विमानं?’

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘विमानं मागीर. पेजेच्या वेळेला. अंगणातून दिसली.’

आता मांडून बघा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य उगवतो सातच्या सुमाराला. चिमणी लागत होती म्हणजे स्फोट त्याच्या बराच आधीचा. विमानं दिसली ती काही तासांनंतर. ‘विमानांनी बॉम्ब टाकला’ हे त्यांना पहाटे नवऱ्याने घाबरून सांगितलं होतं, कारण गावात आठवडाभर विमानांचीच चर्चा होती. पुढे विमानं खरोखर दिसली, तेव्हा ते वाक्य पक्कं होऊन बसलं. म्हणजे आजींनी पाहिलेलं प्रत्येक दृश्य खरं होतं, चुकला तो दोन दृश्यांमधला सांधा. पुढे त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही लष्करी अहवालात मिळणार नाही. धूर दिसू नये म्हणून चुलीवर पाणी ओतून घरची माणसं डोंगरावर गेली. गाभण म्हशीचं दावं सोडून ठेवलं. भाताचं मडकं कुणी उचलायचं यावरून दोघी जावांची बाचाबाची झाली. त्या दिवशी सामान्य माणसाला काय वाटलं हे समजून घ्यायचं तर हीच माहिती लागते, आणि ती दोनदा फुकट जाता जाता वाचली.

माझी सवय साधी आहे. वहीच्या समासात तीन खुणा करतो: ‘पा’ म्हणजे पाहिलं, ‘ऐ’ म्हणजे त्याच काळात दुसऱ्याकडून ऐकलं, ‘वा’ म्हणजे नंतर वाचलं किंवा भाषणात ऐकलं. वाक्य कुठलं हे कळलं नाही तर समास रिकामा ठेवतो आणि पुढच्या खेपेला विचारतो. सांगणाऱ्याला कोरा कागद देऊन घर, विहीर, रस्ता काढायला लावतो आणि ‘तुम्ही इथे कुठे उभे होता, तोंड कुठल्या दिशेला होतं?’ असं विचारतो. उभं राहण्याची जागा ठरली की निम्मे गोंधळ सुटतात. पणजीतले एक गृहस्थ ‘मी शरणागतीची सही होताना पाहिली’ असं सांगत. सही १९ डिसेंबरच्या रात्री झाली आणि ती पणजीत झालीच नाही, मुरगावच्या बाजूला झाली. कागदावर जागा दाखवायला सांगितल्यावर त्यांनी जुन्या सचिवालयासमोरचा मांडवीचा काठ दाखवला. त्यांनी पाहिलं होतं ते त्या दिवशी नदी ओलांडून येणारं सैन्य. तेही लहान नाही.

उत्तर तोंडात घालणं

‘आजोबा, तुम्हाला खूप आनंद झाला असेल ना?’ या प्रश्नाला कोणता आजोबा नाही म्हणेल? समोर नातवाच्या वयाचं पोर, हातात मोबाईल, घरातले सगळे कौतुकाने बघताहेत. ते ‘हो’ म्हणतात आणि मुलाखत तिथेच संपते.

या चुकीची मला खरी चीड आहे, कारण ती घाईतून येते. दोन मिनिटांची चित्रफीत हवी असते, तिच्यात डोळ्यांत पाणी आणि शेवटी जयघोष हवा असतो. तुम्हाला आधीच ठरलेलं ऐकायचं असेल तर त्या माणसाला त्रास कशाला देता? मुक्तीच्या दिवशी लोकांना आनंद झाला, त्याबरोबर भीतीही वाटली. कुणाचा भाऊ पोर्तुगीज नोकरीत होता, त्याचं काय होणार ही काळजी होती. कुणाच्या घरात एस्कुदोच्या नोटा होत्या, त्या चालतील का हा घोर होता. कॅथलिक घरांत नाताळ आठवड्यावर आला होता, नेवऱ्यांचं सामान आणून ठेवलेलं होतं, मध्यरात्रीची मिस्स होणार की नाही हे कुणाला ठाऊक नव्हतं. हे सगळं एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी असू शकतं. त्याला ते सांगायला जागा द्या.

मी पहिला अर्धा तास त्या दिवसाबद्दल काहीच विचारत नाही. घरात कोण कोण होतं, पाणी कुठून आणायचे, दिवा कशाचा, रेडिओ कुणाकडे होता. रेडिओवरून गोष्ट आपोआप निघते, कारण वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ सीमेपलीकडच्या जंगलातून चालवलेलं गुप्त रेडिओ केंद्र दारं लावून ऐकणारी घरं होती. त्यानंतरही प्रश्न एकच: ‘मग काय झालं?’ आणि सांगणारा गप्प झाला तर आपणही गप्प बसायचं. नवशिक्यांना ती शांतता सहन होत नाही. ते लगेच मधे बोलतात आणि येऊ घातलेली आठवण परत जाते.

तारीख मागणं

‘नक्की कोणत्या तारखेला?’ असं विचारू नका. माणसं तारखेने आठवत नाहीत, बाजार, जत्रा, पेरणी, बाळंतपण यांनी आठवतात. म्हापशाचा बाजार शुक्रवारी भरतो. १८ डिसेंबर १९६१ हा सोमवार होता. ‘बाजाराच्या दिवशी विमानं डोक्यावरून गेली’ असं कुणी म्हणालं तर ते हल्ल्याच्या दिवसाबद्दल बोलत नाहीत, आधीच्या एखाद्या दिवसाबद्दल बोलताहेत. त्यांना खोडून काढू नका, तो दिवस वेगळा लिहा.

सत्याग्रहांचा घोळ तर कायमचा आहे. १५ ऑगस्ट १९५४ आणि १५ ऑगस्ट १९५५, दोन्ही वर्षी पोर्तुगीज राजवटीविरुद्धचे सत्याग्रही सीमेवरून आत आले, आणि ऐकणारे दोन्हींची सरमिसळ करतात. १९५५ मध्ये गोळीबारात सत्याग्रही मारले गेले, सीमेवरच्या पत्रादेवीचं स्मारक त्याचंच. त्यानंतर भारताने नाकेबंदी कडक केली. म्हणून मी विचारतो, ‘सीमेपलीकडच्या नातेवाइकांकडे जाणं-येणं बंद झालं, त्याच्या आधी की नंतर?’ पेडण्या-सत्तरीच्या बायकांना हे अचूक आठवतं, कारण माहेर तुटलं होतं.

वय न तपासणं. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांची सभा भर पावसात ‘पाहिलेला’ माणूस आज नव्वदीच्या घरात असायला हवा. सत्तरीचा माणूस ती सांगत असेल तर ती वडिलांची आठवण आहे, तशीच नोंदवा.

आधी फोटो दाखवणं. फोटो शेवटी. आधी दाखवलात तर पुढचा तासभर ते फोटोचंच वर्णन करतील.

घोळक्यात मुलाखत. मुलगा बोलतो, वडील मान डोलावतात. मुलाला चहा करायला पाठवा.

घरची भाषा सोडायला लावणं. कोकणीत सांगत असतील तर कोकणीतच उतरवा. पुस्तकी मराठी नंतर तुमची तुम्ही करा.

कागद म्हणजे सत्य, माणूस म्हणजे गप्पा असं मानणं

हा शिकल्यासवरल्यांचा दोष. पणजीच्या पुराभिलेखागारात जा, पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळा, जरूर चाळा. पण कागदही कुणीतरी कशासाठी तरी लिहिलेला असतो. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने गोव्याचा गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वाला शेवटपर्यंत लढण्याचा, शरण न जाण्याचा आदेश दिला होता. तो शरण गेला आणि मायदेशी परतल्यावर त्याला लष्करातून काढलं गेलं. अशा वातावरणात लिहिलेल्या प्रत्येक अहवालात लिहिणाऱ्याला स्वतःची मान वाचवायची होती. तो अहवाल आजींच्या साक्षीइतकाच तपासून घ्यावा लागतो.

उलट बाजूही बघा. गोव्याच्या इन्क्विझिशनचे, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाचे, खटल्यांचे कागद फारसे उरलेले नाहीत. त्याच्या तुरुंगात आतून काय होतं हे कळतं ते शार्ल देलों या फ्रेंच डॉक्टरमुळे. तो १६७४ ते १६७६ तिथे कैदी होता आणि १६८७ मध्ये त्याने छापून सांगितलं. कोठडी, जेवण, गप्प राहण्याची सक्ती हे त्याने भोगलं होतं. इतर कैद्यांच्या कहाण्या त्याने ऐकल्या होत्या. त्याच्या लिखाणालाही समासात ‘पा’ आणि ‘ऐ’ लावावंच लागतं.

निकाल लागल्यानंतरची आठवण. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवा वेगळा संघप्रदेश राहावा या बाजूने १,७२,१९१ आणि महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली. म्हणजे विलीनीकरणाच्या ‘फुल’ या चिन्हावर शिक्का मारणारे थोडे नव्हते. आज विचारलं तर बरेच जण विषय बदलतात किंवा संघप्रदेशाच्या ‘दोन पानं’ या चिन्हाचं नाव घेतात. मत विचारू नका. प्रचाराला कोण आलं होतं, घरात कोणतं वर्तमानपत्र यायचं, जेवताना काय वाद झाला ते विचारा.

एकदाच जाणं. पहिल्या भेटीत माणूस ठरलेली गोष्ट सांगतो. दुसऱ्या खेपेला मी मोठ्या अक्षरात छापलेला मजकूर घेऊन जातो आणि चष्मा लावून वाचायला देतो. डोळ्यांनी जमत नसेल तर वाचून दाखवतो. ते जे दुरुस्त करतील ते बाजूला तारीख घालून लिहायचं, पहिलं खोडायचं नाही. मूळ ध्वनिमुद्रण व्हॉट्सअॅपवरून पाठवून मोबाईलमधून पुसू नका, दोन ठिकाणी जपून ठेवा. आणि छापील प्रत त्यांच्या घरी राहू द्या.