लग्नातल्या छायाचित्रांची यादी गुरुजींपासून सुरू करावी

लग्नाच्या छायाचित्रांची यादी करायला बसलेली मंडळी बहुधा आधी मोबाइलवर आवडलेली छायाचित्रे साठवू लागतात. माझ्या मते ते काम नंतरचे आहे. पहिली बैठक गुरुजींबरोबर व्हावी. कोणता विधी कोणत्या क्रमाने, कोणत्या जागी होणार आणि त्याला साधारण किती वेळ लागणार हे त्यांच्याकडून लिहून घेतले की अर्धी यादी तयार होते, कारण रीती घरागणिक बदलतात आणि आपल्या घरी कानपिळी नेमकी केव्हा होते हे बाहेरून आलेल्या छायाचित्रकाराला ठाऊक असण्याचे कारण नाही.

मग प्रत्येक विधीपुढे तो सावकाश चालणारा आहे की क्षणात संपणारा, एवढी खूण करावी. कन्यादान, होम आणि सप्तपदी यांत जागा बदलायला सवड मिळते. अंतरपाट दूर होणे किंवा वधूच्या भावाने वराचा कान पिळणे मात्र काही सेकंदांत उरकते, आणि तेथे 'पुन्हा एकदा करा' असे सांगणे शोभत नाही. (हार दुसऱ्यांदा घालायला लावणारे छायाचित्रकार मी पाहिले आहेत, आणि त्या वेळचे गुरुजींचे चेहरेही.)

सर्वांत जास्त विचार मुहूर्ताच्या क्षणाचा करावा. वधूवर समोरासमोर उभे असतात आणि मध्ये अंतरपाट असतो, त्यामुळे एकाच्या पाठीमागून टिपल्यास दुसऱ्याचा चेहरा हमखास झाकला जातो. दोघेही हवे असतील तर कॅमेरा अंतरपाटाच्या रेषेत, बाजूला असायला हवा. अंतरपाट कोणत्या बाजूला ओढून घेणार हे गुरुजींना विचारून छायाचित्रकाराने त्याच्या विरुद्ध बाजूला उभे राहावे. शेवटचे 'सावधान' होताच मागे उभे असलेले मामा, करवल्या आणि मोबाइल उंचावलेले पाहुणे सगळेच पुढे सरकतात, म्हणून ती बाजू मोकळी ठेवण्याचे काम घरातल्या एखाद्या खमक्या भावाकडे सोपवावे. अक्षतांचा वर्षाव मात्र व्यासपीठावरून नीट दिसत नाही. तो सभागृहाच्या मागून किंवा सज्जातून टिपावा लागतो, तेव्हा दुसरा कॅमेरा घेणे परवडत असेल तर तो येथे उपयोगी पडतो.

दुसरा कॅमेरा हवा असण्याचे आणखी एक कारण गौरीहर हे आहे. इकडे वर मांडवात येत असतो, त्याचे स्वागत चाललेले असते, आणि त्याच सुमारास वधू आत गौरीहरापाशी बसलेली असते. छायाचित्रकार एकच असेल तर आधी काय टिपायचे हे दोन्ही घरांनी मिळून ठरवावे, अन्यथा तो जिकडे गर्दी असते तिकडे जातो आणि वधूचे ते निवांत चित्र राहून जाते.

सूनमुखाच्या वेळी सासू सुनेचे मुख आरशात पाहते. आरशात छायाचित्रकारच उमटणार नाही अशा तिरक्या कोनाची तयारी आधी करावी. ऐरणीदानात वरपक्षाच्या डोक्यावर वेताच्या टोपलीतले दिवे धरतात, तेव्हा फ्लॅश बंद ठेवला नाही तर दिव्यांचा उजेड फिका पडतो.

समूहचित्रांची यादी नावानिशी लिहावी. एका समूहाला तीन मिनिटे धरली तरी पंधरा समूहांना पाऊण तास लागतो आणि तोवर पंगत खोळंबते, म्हणून आठ-दहांवर थांबणे बरे. आजी-आजोबांची चित्रे सर्वांत आधी, शक्यतो मुहूर्तापूर्वी घ्यावीत. आमच्या घरच्या एका लग्नात आजी संपूर्ण अल्बममध्ये एकदाच, तीही जिलबी खाताना आढळली. दोन्ही पक्षांकडून प्रत्येकी एक जण नातेवाइकांना बोलावून आणण्यासाठी नेमावा. सर्वांना ओळखणारी आणि मोठ्याने हाक मारणारी आत्या या कामाला उत्तम.

शेवटी कराराचे तास तपासावेत. पुष्कळदा ते कार्यालयातच संपतात आणि घरच्या उंबरठ्यावर माप ओलांडण्याच्या वेळी छायाचित्रकार नसतो. वेळ वाढवून घेता येत नसेल तर भाच्याच्या हाती मोबाइल द्यावा, पण त्याला वरातीच्या आधी घरी पाठवून उंबरठ्याच्या आत उभे करावे, कारण बाहेरून फक्त पाठी दिसतात.