भाड्यासाठी फ्लॅट घेताना आपली जोखीम पेलण्याची मर्यादा कशी ठरवावी?

भाड्याने देण्यासाठी दुसरा फ्लॅट घेऊ पाहणारे बहुतेक जण भाडे किती येईल, हे सर्वांत आधी विचारतात. माझ्या मते त्याआधी, भाडे आलेच नाही तर आपण किती महिने घरखर्चाला हात न लावता हप्ता भरू शकू, हे विचारायला हवे. आणि त्याचे उत्तर अंदाजाने न देता कागदावर आकडे मांडूनच द्यावे.

उदाहरणादाखल असे धरू की, पुण्यात वाकड-हिंजवडी पट्ट्यात साडेबासष्ट लाखांचा फ्लॅट घेतला, त्यासाठी ५० लाखांचे कर्ज २० वर्षांच्या मुदतीने काढले आणि भाडे २०,००० रुपये ठरले. व्याजदर ७ टक्के असल्यास हप्ता सुमारे ३८,७६५ रुपये येतो. सोसायटीचा मेंटेनन्स ३,००० रुपये धरला, तर भाडेकरू असतानाही दरमहा जवळपास २१,७६५ रुपये पदरचे घालावे लागतात आणि फ्लॅट रिकामा पडला की तोच आकडा ४१,७६५ होतो. सहा महिने रिकामा राहिल्यास अडीच लाख गेले. २०२० च्या टाळेबंदीनंतर आयटी कर्मचारी गावी परतले, तेव्हा या पट्ट्यातल्या अनेक घरमालकांना अशी वेळ प्रत्यक्ष पाहावी लागली.

यात व्याजदराची भर घालावी. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या काही महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला होता. वरच्या उदाहरणात व्याज तेवढेच वाढून ९.५ टक्के झाले, तर हप्ता सुमारे ४६,६०७ रुपयांवर जातो. बँका अशा वेळी अनेकदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात. त्याने महिन्याचा ताण टळतो, पण एकूण व्याज वाढते. करबचतीवरही फार विसंबू नये, कारण नव्या करप्रणालीत घरभाड्यातला तोटा (कर्जाचे व्याज भाड्याहून जास्त झाल्यास होणारा) पगारातून वजा करता येत नाही.

आकडे ऐपत सांगतात, स्वभाव सांगत नाहीत. फ्लॅट रिकामा होऊन दोन महिने झाले आहेत, एजंटाचा फोन येतो आणि तो म्हणतो, "साहेब, दोन हजार कमी करा, नाहीतर बॅचलर मुलांना द्या," अशा वेळी आपण काय कराल, हे आजच लिहून ठेवावे. मुदत संपूनही भाडेकरू जागा सोडत नसेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि करारात ठरलेल्या मासिक शुल्काच्या (भाड्याच्या) दुप्पट रक्कमही मागता येते. त्यासाठी लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याचा करार) नोंदवलेला असावा, ही मालकाचीच जबाबदारी आहे. कायदा आपल्या बाजूने असला, तरी त्या काळात हप्ता थांबत नाही आणि खेटे घालण्याची मनाची तयारी प्रत्येकाची नसते. ज्यांची नाही त्यांनी तसे स्वतःशी स्पष्टपणे मान्य करावे.

ऐपत आणि स्वभाव यांपैकी जी मर्यादा लहान निघेल, तीच आपली मर्यादा मानावी आणि ती जोडीदाराशी बोलून पक्की करावी, कारण हप्त्याचा भार एकट्यावर पडत नाही. अडचणीच्या वेळी फ्लॅट विकून मोकळे होऊ, हा हिशेब मात्र धरू नये. विक्रीला महिने लागतात आणि पुणे शहरात खरेदीच्या वेळी भरलेले साधारण ७ टक्के मुद्रांक शुल्क परत मिळत नाही.

वरचे आकडे आपल्याला पेलणारे नसतील, तर पदरची रक्कम वाढवावी किंवा लहान फ्लॅट पाहावा. कर्ज ३० लाखांवर आणले, तर ७ टक्क्यांनी हप्ता सुमारे २३,२५९ रुपयांवर येतो. तोही भाड्याविना वर्षभर भरण्याइतकी शिल्लक बाजूला नसेल, तर ती जमेपर्यंत टोकन रक्कम देऊ नये.