गाडी सेल्फ घेत नाही, फ्यूएल पंप चालत नाही? या चुका टाळा

चावी फिरवल्यावर नुसतं 'टक' वाजलं आणि इंजिन हललं नाही, की लोक आधी बॅटरी बदलतात. तरी टकच. मग सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) उतरवून दुरुस्तीला देतात. पुन्हा टक. वायरीकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी, आणि जुन्या गाडीत खोट बऱ्याचदा तिथेच असते.

मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणजे करंट येतोय, असं धरून चालणं

ही चूक बघून बघून मी खरंच कंटाळलोय. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. केबलच्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असली, तरी तो निवांत १२ दाखवणार. सेल्फला मात्र इंजिन फिरवायला शंभर-दोनशे अँपिअर लागतात. म्हणून केबलमध्ये किती व्होल्ट वाया जातात, ते सेल्फ मारत असताना मोजायचं.

गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक ओढा, इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची (ठिणगीसाठी करंट देणारी कॉइल) प्लस वायर काढून बाजूला झाकून ठेवा आणि कोणाला तरी चावीवर बसवा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल किंवा तिची थिंबल (टोकाची धातूची कडी) खराब. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं सेल्फच्या बॉडीवर. इथे ०.२-०.३ च्या वर जायला नको. टोक बॅटरीच्या खांबालाच टेकवा, क्लॅम्पला नाही; क्लॅम्प आणि खांब यांच्यामधला काटच (साचलेला गंज) अनेकदा गुन्हेगार असतो. खुद्द बॅटरी सेल्फ मारताना साधारण ९.६ च्या खाली गेली, तरच तिच्यावर संशय घ्या.

एक गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिला नवी बॅटरी होती, सेल्फ भरून (नव्याने वाइंडिंग करून) झाला होता आणि इंजिन सुरू होत नाही म्हणून फ्यूएल पंपही नवा टाकला होता. सेल्फ मारला की कण्हल्यासारखा अर्धा फेरा घेऊन थांबायचा. मालकाला चावी धरायला सांगून मी क्लच केबलला हात लावला, तर ती गरम! तिथेच समजलं. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची (अर्थिंगची) पट्टी आधी कुठेतरी गिअरबॉक्स उतरवताना सोडली होती आणि परत बसवली होती ती बॉडीच्या ताज्या रंगावर. सेल्फचा सगळा करंट परतीची वाट शोधत क्लच केबलमधून जात होता. बॅटरीचं मायनस आणि इंजिन ब्लॉक यांच्यात तीन व्होल्टच्या वर पडत होते. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकून बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. पुढच्या चावीला इंजिन सपाट्याने फिरलं. नवा पंप, नवी बॅटरी, सगळा खर्च वाया. जुनी गाडी हातात आली की मी आजही आधी अर्थ उघडून घासतो, दोष दुसरीकडे असला तरी.

पंप 'डायरेक्ट' करून गाडी चालवणं

रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) काढायचा, त्याच्या सॉकेटमधल्या ३० आणि ८७ नंबरच्या टोकांमध्ये वायरचा तुकडा घालायचा, पंप वाजला, गाडी पळाली, काम संपलं. तपासणीसाठी दहा-पंधरा सेकंद हे ठीक आहे. पण तो तुकडा महिनोन्महिने तसाच ठेवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. इंजिन बंद पडलं की पंपही बंद व्हावा, यासाठीच ती व्यवस्था असते. अपघातात पेट्रोलचा पाइप तुटला आणि पंप डायरेक्ट असेल, तर तो गरम इंजिनवर पेट्रोल फेकतच राहील.

घाई न करता बघा. ३० वर कायम करंट हवा. ८५ आणि ८६ पैकी एकीकडे चावीचा करंट, दुसरीकडून कंट्रोल, म्हणजे रिले चालू-बंद करणारी वायर. टेस्ट लॅम्प लावून बघा, तो भार घेतो म्हणून खरं बोलतो. मात्र टाकीजवळ ठिणगी नको, तिथे लॅम्प लावत बसू नका.

बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत चावी ऑन केल्यावर पंप दोनेक सेकंद वाजून थांबतो. नवशिके तेवढ्यावरून पंप मेला म्हणतात. तो थांबायलाच हवा. काही गाड्यांत धक्का बसला की पंप तोडणारा इनर्शिया स्विचही असतो. टाकी उघडण्याआधी त्याचं बटण दाबून बघा.

सेल्फ मारताना इंजिन पेटतं आणि चावी सोडताच मरतं? पंपाला हात लावू नका. आधी इग्निशन स्विच आणि बॅलास्ट रेझिस्टर (जुन्या गाड्यांत कॉइलला जाणारा करंट कमी करणारा रेझिस्टर) तपासा.

बाकीच्या चुका

फ्यूज उडतो म्हणून मोठा टाकू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

वायरी पिळून टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या पावसाळ्याला आमंत्रण. क्रिम्प करा (पकडीने कनेक्टर दाबून जोडा), वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

स्क्रूड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करू नका. गाडी गिअरमध्ये असली तर अंगावर येते.

आणि वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीचं मायनस काढा. लावताना ते सगळ्यात शेवटी.